हकीकत दोन मरळी एका मापास आणिल्याची

गंजावरचे झाकण खडखडले आणि दुपारची शांतता मोडली. मोहिमेस आरंभ तेथून जाहला, म्हणोन लिहिणेही तेथूनच प्राप्त. सन दोन हजार पाच, आश्विन वद्य पक्ष, मुक्काम गडचिरोली, दिवाळीची झाडझूड ऐन भरात. ते समयी वज्रचुडेमंडित, मत्स्यविद्याविशारद होऊ घातलेल्या रूपालीबाईसाहेब यांनी वरणाचा गॅस बंद केला, आणि चार वर्षांच्या कन्यारत्न भाग्यश्रीराजे यांस चटईवर थोपटोन निजविले, आणि मग चोरपावली येऊन कॉम्प्युटरचे तख्तापुढे बैठक मारिली.

प्रसंग ऐसा की, बाईसाहेबांनी मोठ्या तलावातील मरळ आणि शेतातील इवल्या तळ्यातील, म्हणजे बोडीतील मरळ, या दोन मासोळ्यांचा तपास करोन प्रबंध लिहिला. बोडीची मरळ वाढीस खुंटते, हा त्याचा गाभा. आलेखावर दोन्ही मरळींच्या तसबिरी एकाच मापाने बसवाव्या, सेंटिमीटरास सेंटिमीटर भिडावा, आणि रुंदी पानाबाहेर जाऊ नये, ऐसे नागपूरच्या गाईडसाहेबांचे फर्मान. उद्या प्रबंध दाखल न जाहल्यास नोंदणी रद्द, आणि बाळंतपणापासून लेकीच्या झोपेतून घटका घटका चोरोन जमविलेला खजिना मातीमोल. पतिराज सुरेंद्रराव फ्लॉपी घेऊन चारचे एस.टी.ने नागपुरास कूच करणार, आणि तीन वाजता लोडशेडिंगची फौज उतरणार, ती तर कोणाची भीड धरीत नाही.

मग बाईसाहेबांनी तलावाची मरळ पडद्यावर आणोन तिचे कोपऱ्यास माऊस लाविला आणि ओढिली, तो ती लांबोन साप जाहली. उभी ताणिली, तो फुगोन भोपळा जाहली. मग लांबी-रुंदीचे प्रमाण जखडोन ठेवावयाचे कुलूप त्या सॉफ्टवेअराचे कोठारात सापडले, ते लाविले, आणि मासोळी मासोळीसारखी दिसो लागली.

आता माप. तसबिरीतील अमुक रेघ म्हणजे अमुक सेंटिमीटर, इतुके सॉफ्टवेअरास सांगावे, की बाकी हिशेब ते आपण करिते. परंतु या मासोळ्यांशेजारी पट्टीच नव्हती. कारण की, गेल्या दिवाळीस घरी पाहुणे आले होते, आणि पट्टी शोधोन काढीतोवर सासूबाई इंदिराबाईसाहेब यांनी "फोटो काढला ना? मंग झालं तं!" ऐसे म्हणोन दोन्ही मरळी रश्श्यात रवाना केल्या. दर तसबिरीत मासोळीशेजारी पडलेला फक्त एक हात, मनगटापर्यंत. या मासेमार ढिवरांचे घराण्यात मासोळी हातानेच मापितात, आणि तो हात सासरे केवळरामजींचा, हा पिढीजात दस्तूर. सबब त्यांचा पंजा मोजिला, एकोणीस सेंटिमीटर भरला, आणि दोन्ही तसबिरींस तेच माप चढविले.

तो काय अनर्थ! बोडीची मरळ तलावाच्या मरळीहून सवाई होऊन तिजवर चाल करोन गेली. सुरेंद्ररावांनी पिशवी भरता भरता डोकावोन पाहिले आणि म्हणाले, "रूपा, प्रबंध तं उलटाच झाला ना व!" मग खासे केवळरामजी चष्मा सावरीत आले.

"बोडीत येवढी मरळ हाये, अन् मी जनमभर तलावात जाळं टाकून राह्यलो?" ऐसे बोलोन पोट धरोन हसले. मग वाकोन बोडीच्या मरळीची तसबीर न्याहाळिली. "पोरी, हा हात माहा नाई. माह्या बोटाले येवढं बाळसं कुठचं?"

तेव्हा तसबीर मोठी करोन पाहता गुबगुबीत बोटे, आणि बोटांस गेरू माखलेला. तो हात भाग्यश्रीराजे यांचा! ज्या हाताने रोज पदर ओढिला जातो, तोच हात आईने ओळखिला नाही, याउपर बाईसाहेबांस हसावे की रडावे कळेना. पट्टी घेऊन चटईकडे धावल्या, निजलेल्या राजांचा पंजा हळूच उलगडिला, आणि तेथेच थबकल्या. एक साल लोटले, हात वाढला, आता गेल्या सालचा हात मोजावा कोठे?

मग गेरू आठवला. त्याच दिवशी रांगोळीचा गेरू हातास फासोन राजांनी मागल्या पांढऱ्या भिंतीवर पंजा उमटविला होता, आणि त्यापायी सालभर बोलणी खाल्ली होती. इतुक्यात परसातून चुन्याच्या कुंचल्याची फरफर कानी आली.

बाईसाहेब जोडे न घालिता, पदर न सावरिता परसात दाखल जाहल्या. इंदिराबाईसाहेबांचा कुंचला पंजापासोन चार बोटांवर.

"थांबा बाई! तो हात पुसू नोका!"

"सालभर म्हणून राह्यली, पोट्टीनं भिंत बिघडवली. आता मी पुसून राह्यली तं मधात काऊन येते?"

"तो डाग नाई बाई, पट्टी हाये माही!"

"पट्टी म्हणे! मोज लवकर. चुना वाळला तं मी तुलेच घासायले लावीन."

मग बाईसाहेबांनी मधल्या बोटाचे टोकापासोन तळव्याचे बुडापर्यंत पट्टी धरिली. साडेदहा सेंटिमीटर! तैसेच धावत आत गेल्या, बोडीच्या तसबिरीस हा आकडा घातला, आणि बोडीची मरळ शिकस्त खाऊन मागे हटली, आक्रसली, आणि तलावाच्या मरळीखाली अदबीने उभी राहिली. केवळरामजींनी मान हालविली की, आता बरोबर. रुंदी पानात मावली. फ्लॉपी भरली, बाहेर आली, आणि पडदा काळा जाहला. लोडशेडिंगची फौज उतरली खरी, परंतु किल्ल्यात लुटावयास काही उरले नव्हते.

येणेप्रमाणे दोन मरळी एका मापास आल्या, आलेख सिद्ध जाहला, सुरेंद्रराव चारचे एस.टी.त खिडकीजवळ बैसोन, फ्लॉपी छातीशी धरोन नागपुरास रवाना जाहले, आणि रूपालीबाईसाहेबांची फत्ते जाहली, हे या ठायी रुजू केले असे.

मग भाग्यश्रीराजे डोळे चोळीत परसात आल्या. कुंचला भिंतीपाशी थांबलेलाच होता. राजांनी आपला हात त्या गेरूच्या पंजावर ठेविला, तो बोटे चहूकडून बाहेर आली. काढिला, फिरोन ठेविला, आणि वर पाहोन पुसिले,

"माय, हा माहाच हात होता ना? मंग तो लहान हात आता कुठी गेला?"