धुलाईघरातली गुप्त मुलाखत

माणसांची मनं कशी सांभाळावीत, हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या धुलाईघरात काम करणारी सगळी माणसं बाहेरगावची, पोटासाठी इथे आलेली. मीही त्यातलाच, सगळ्यांच्या आधी आलो म्हणून मुकादम, एवढंच. त्यामुळे ‘कामाच्या जागची मूल्यं आणि स्थलांतरितांचं स्वास्थ्य’ यावर संशोधन करणारी एक ताई येणार असं कळलं, तेव्हा मी मालकीणबाईंना छाती पुढे काढून म्हणालो, “येऊ द्या की! आमचं स्वास्थ्य बघून ती इथेच नोकरी मागेल.”

“तेच बघायचंय मला,” बाई म्हणाल्या. “तुमच्या त्या चहाच्या खोलीत मी चादरींचे गठ्ठे ठेवणार आहे. तिथे स्वास्थ्यबिस्थ्य काही मिळत असेल तर लोकांच्या तोंडून कळू दे. मग राहील खोली.”

खोली ती केवढी! एक बाक, एक शेगडी, एक खिडकी. पण दिवसभर वाफेत शिजलेला माणूस तिथे बसतो, घरी फोन लावतो, जरा माणसात येतो. शिवाय रोज चहाच्या वेळी तिथे माझं आख्यान असतं. मी लहानपणापासून कीर्तनवेडा. पेटी नाही, टाळ नाहीत, तर बशीवर चमचा वाजवून भागवतो. दमल्या जिवांना तेवढाच आधार! सगळे कसे माना खाली घालून ऐकतात.

मी सगळ्यांना बजावलं, “ताईने काही विचारलं की चहाच्या खोलीचं नाव काढायचं.”

“काढू की,” इस्त्रीकाका म्हणाले. “फक्त तू मधे बोलू नकोस.”

“मी कशाला बोलतोय?”

यावर सगळे का हसले, ते मला तेव्हा कळलं नाही.

आता आमची एक पद्धत सांगायला हवी. आमची यंत्रं अशी घरघरतात की या टोकाचं त्या टोकाला ऐकू जात नाही. म्हणून कुणी काही बोललं की शेजारच्याने ते मोठ्याने पुढच्याला सांगायचं, त्याने त्याच्या पुढच्याला, थेट घडीच्या टेबलापर्यंत. उत्तर त्याच वाटेने परत. ही पद्धत मीच बसवलेली. कीर्तनात मागचे टाळकरी ओळ उचलतात ना, अगदी तशी! एक अक्षर सांडत नाही.

ताई आली. मी तिला चहाच्या खोलीकडे नेऊ लागलो तर म्हणाली, “नको, कामाचा खोळंबा नको. मी उभ्या उभ्या बोलते.” आणि इस्त्रीकाकांच्या कानाशी वाकून म्हणाली, “काका, ही मुलाखत अगदी गुप्त आहे.”

काकांनी सवयीने मान वळवली आणि गरजले, “ही मुलाखत अगदी गुप्त आहे!”

“अगदी गुप्त आहे!” वाळवणी यंत्रावरून आवाज पुढे गेला. गेला तो थेट घडीच्या टेबलापर्यंत. तिथे चादरींच्या घड्या घालणाऱ्या मावशीशेजारी मालकीणबाई उभ्या होत्या.

ताई बावरली. “म्हणजे, तुमचं नाव कुठेही येणार नाही.”

तेही गेलं. मावशीचं उत्तर चार तोंडांतून परत आलं, “पगाराच्या यादीत तरी येऊ द्या!”

मी धावलो. “अहो काका, हे पुढे पाठवायचं नाही!”

“हे पुढे पाठवायचं नाही!” काकांनी पुढे पाठवलं.

ताई आता हसू दाबत होती. तिने सरळच विचारलं, “घरची आठवण आली की बरं कुठे वाटतं?”

प्रश्न गेला. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. उत्तर आलं, “चहाच्या खोलीत!”

बाईंनी मान वर केली. मला नाचावंसं वाटलं. पण संशोधन करणारी माणसं तिथे थांबतात थोडीच? “आणि तिथे त्रास कशाचा होतो?” ताईने विचारलं.

या वेळी उत्तर सावकाश येत होतं. ज्याच्यापर्यंत पोचे, तो आधी माझ्याकडे बघे आणि मग पुढे देई.

“मुकादमाच्या कीर्तनाचा!”

पाठोपाठ मावशीची पुरवणी. “घरी फोन लावला की याची बशी सुरू. माझ्या लेकीला वाटतं मी देवळात नोकरीला आहे!” आणि मुलंबाळं नसलेल्या इस्त्रीकाकांनीही ते तितक्याच कळकळीने म्हटलं, “माझ्या लेकीला वाटतं मी देवळात नोकरीला आहे!”

बाईंचा निकालही त्याच वाटेने आला. “खोली राहील. मुकादमांनी चहा बाहेर प्यायचा.” हे पोचवताना प्रत्येकाचा आवाज काय खुलला होता!

तेव्हापासून मी खिडकीखाली उभा राहून चहा पितो. साखर वाढवून पाहिली, गोड लागत नाही. काल मात्र आतून बशी वाजली. इस्त्रीकाका नव्याने आलेल्या माणसाला माझंच आख्यान सांगत होते, वाट चुकलेल्या भक्ताचं. मी कप खाली ठेवून खिडकीला कान लावला. पण काकांनी भक्ताला देव भेटायच्या आधीच घरी पोचवला!

मला राहवेना. खिडकीवर टकटक करून म्हणालो, “काका, आधी देव भेटतो!”

आतून उत्तर आलं. एकामागून एक, सगळ्यांच्या तोंडून, एक अक्षर न सांडता.

“हे पुढे पाठवायचं नाही!”

आणि खिडकी लागली.