भिंगरी गप्प बसते तेव्हा

आपल्या लेकीची खोडी आपल्याला भिंतीपलीकडूनही कळते, असं भिंगरीच्या आईचं ठाम म्हणणं होतं. कार्टी पाच वर्षांची. टीव्हीचा रिमोट पिठाच्या डब्यात पुरणं आणि आजीच्या चष्म्याला क्रीम चोपडणं हा तिचा नित्यनेम. म्हणूनच आज सकाळी आईने तिचे दोन्ही हात धरून विनवलं होतं, एवढा एक दिवस शहाण्यासारखी वाग. अकराला छापखान्यात मुलाखत होती, प्रुफं तपासायच्या नोकरीची. लेक झाल्यापासूनची ही पहिलीच मुलाखत. ती हुकवून चालणार नव्हतं.

इस्त्रीचा काळा ड्रेस घालून आई बाहेर आली, तर भिंगरी खुर्चीत हाताची घडी घालून बसलेली. हात स्वच्छ धुतलेले, तेही कुणी न सांगता. आईने तिला खालून वर न्याहाळलं.

"काय केलंस?"

"काही नाही."

निर्दोष माणूससुद्धा इतक्या सरळ आवाजात बोलत नाही. आईने बूट झटकले, पर्स उलटी केली, लिपस्टिक उघडून हुंगली. सगळं जागच्या जागी होतं, आणि तिथेच तर पाणी मुरत होतं. सासूबाईंनी नातीच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग पदर खोचून त्याही कपाटात शिरल्या. नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, शोधत काय बसलीस, निघ तू. म्हणजे हाही फितूर! शेवटी आईने पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. तेवढ्यात कपाटातून सासूबाई ओरडल्या, "सापडलं गं!" आई दचकली, डबा कलंडला आणि काळा ड्रेस पांढराफटक झाला. सासूबाईंना सापडली होती गेल्या वर्षी हरवलेली त्यांचीच कानटोपी.

अकरा तर कधीच वाजून गेले होते. आईने छापखान्यात फोन लावला आणि रडवेल्या आवाजात सांगितलं, काय करू साहेब, मुलीने ऐन वेळी खोडी केली, अंगभर पीठ झालंय. साहेब हसले. त्यांच्याही घरी असाच एक नमुना होता म्हणे. तीनला या, म्हणाले.

आईने हुश्श केलं आणि वळून पाहिलं. भिंगरी अजून खुर्चीतच, घडी तशीच.

"आई, मी तर काहीच केलं नव्हतं."

"हो गं बाळा," आई पीठ झटकत पुटपुटली.

भिंगरीने जरा विचार केला. मग घडी सोडून ती टुणकन खाली उतरली.

"पण मी खोडी केली असं तू सांगून टाकलंयस ना? मग आता एक करते."