गाडी बरोबर हाय, रस्ता चुकीचा हाय

प्रिय नील आणि मीरा,

तुम्ही फोनवर विचारलंत, जुन्या फोटोत मोठी आजी ड्रायव्हरच्या जागी बसली आहे, मग तिच्यासमोर स्टिअरिंग का नाही? उत्तर देणारी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

मोठी आजी म्हणजे माझ्या वहिनी. माझे थोरले भाऊ अण्णा निपाणीतले तंबाखूचे व्यापारी. सत्तरच्या दशकात त्यांनी गोव्याहून एक लाल इटालियन स्पोर्ट्स गाडी आणली. पोर्तुगीज काळातली, म्हणून स्टिअरिंग डावीकडे.

"अण्णा, स्टिअरिंग चुकीच्या बाजूला हाय की!" लोक हसायचे.

"गाडी बरोबर हाय. रस्ता चुकीचा हाय."

तवंदीचा घाट ती एका दमात चढायची. आवाज आला की वखारीतले हमाल पोती टाकून बाहेर धावत. मात्र तिचं पोट इतकं खाली की प्रत्येक खड्ड्याला घासायचं, आणि एका रबरी नळीसाठी ती महिनाभर बेळगावच्या मेस्त्रीच्या दारात उभी राहायची. अण्णा तेव्हाही खड्ड्यालाच शिव्या द्यायचे.

खरी अडचण ओव्हरटेकची. डावीकडून अण्णांना पुढच्या बैलगाडीपलीकडचं काही दिसत नसे. ते काम वहिनींचं. डोईवरचा पदर दातात धरून त्या उजव्या खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकत. "थांबा... थांबा... हं, हाणा आता!" की अण्णा हाणत. नाक्यावरचा पोलीस हटकून वहिनींकडेच लायसन मागायचा.

"अवर्न केळ्री," त्या अण्णांकडे बोट दाखवून आधी कानडीत सांगत, मग मराठीत, "त्यास्नी इचारा. म्या नुस्तं बघाय बसलोय."

मग वहिनी गेल्या. मुलं म्हणाली, "आता गाडी विका." कोल्हापूरचं गिऱ्हाईक दारात आलं. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मुलांना म्हणाले, "मी चालवतो ती. इकायची न्हाय."

खरंच चालवतात का, हे पाहायला मी एकदा बेळगावला त्यांच्याबरोबर निघाले. उजवीकडचं दार उघडलं, तर म्हणाले, "मागं बस गं."

संकेश्वरच्या अलीकडे उसाची बैलगाडी आडवी आली. मी मागून मान काढून पाहिलं. "अण्णा, रस्ता मोकळा आहे. काढ गाडी."

अण्णांनी गिअर बदलला नाही. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते. बैलगाडी पुढे, तिच्यामागे बैलाच्या चालीनं इटालियन स्पोर्ट्स गाडी.

"अण्णा, अरे लोक हसतात!"

"हसू देत," ते म्हणाले. "तिनं सांगितल्याबिगर मी कवा काढलीया?"

बैलगाडी कारखान्याकडे वळली, तेव्हाच आम्ही पुढे गेलो. त्यानंतरही अण्णांनी अखेरपर्यंत कुणाला ओव्हरटेक केलं नाही.

आता अण्णाही नाहीत. गाडी वखारीत उभी आहे, इंजिन बंद. उजवी काच वहिनींनी खाली केली होती तितकीच खाली आहे.