फर्गसने केलेली दुरुस्ती

फर्गस ड्रमंड बॅगा ओढत वेलिंग्टनच्या धक्क्यावर पोहोचला, तेव्हा पिक्टनची बोट बंदराबाहेर गेलेली होती. तिच्यात गाड्या होत्या, माणसं होती, मेंढ्यांनी भरलेला एक ट्रकसुद्धा होता. नव्हते फक्त तो आणि त्याची बायको अनाहेरा. आणि समुद्रापलीकडे पिक्टनला दुपारी अनाहेराच्या सख्ख्या बहिणीचं लग्न होतं.

"सकाळपासून कानीकपाळी ओरडतेय, निघू या म्हणून!" अनाहेरा म्हणाली.

"पण ॲप 'थांब जरा' म्हणत होतं गं."

ॲप फर्गसनेच लिहिलेलं. कपडे वाळत घालू का, अंडं उकडू की तळू, छत्री घेऊ का, असल्या शंकांचं निरसन करणारं. ज्या गावच्या वाऱ्यात कुणी शहाणा छत्री उघडत नाही, त्या गावात! स्वतःच्या अकलेचं दिवाळं वाजलेल्या या गृहस्थाने दुसऱ्यांना अक्कल वाटायला काढली होती, आणि लोक ती खिशात घालून हिंडत होते.

बॅगेवर बसून त्याने लॅपटॉप उघडला. थोड्याच वेळात तो ओरडला, "सापडलं! बोटीचं वेळापत्रक बदललं, ते ॲपला वाचता आलं नाही. आणि उत्तर सुचलं नाही की 'थांब जरा' म्हणायचं, अशी ओळ मीच घातली होती. चाचणीपुरती. काढायची राहिली."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तीन वर्षं!"

लग्न बुडत होतं त्याचं सोयरसुतक नाही; चूक सापडली म्हणून स्वारी खूश. तिथेच त्याने ओळ बदलली आणि दुरुस्ती चढवूनही टाकली.

"आता जुने प्रश्न चाळून खरं उत्तर देईल. विचार, काहीही विचार!"

"मी दर रविवारी एकच विचारते," अनाहेरा फोन काढत म्हणाली. "फर्गसला सोडू का? दर वेळी आपलं 'थांब जरा'. म्हटलं, एवढा हुशार माणूस, त्याचं ॲप उगाच कशाला सांगेल!"

फर्गसचा चेहरा पडला. तिने प्रश्न टाकला, उत्तर वाचलं, स्वतःची बॅग उचलली आणि टॅक्सीला हात केला. "विमानतळ," ती ड्रायव्हरला म्हणाली.

टॅक्सी सुरू झाली. धावत चार पावलांवर दार होतं. फर्गसने घाईघाईने फोन काढला आणि विचारलं, "तिला थांबवू का?"

ॲपने त्याचे तीन वर्षांचे प्रश्न चाळले. मग उत्तर आलं: "नको. तिचं बरोबर आहे."

दुरुस्ती अगदी चोख झाली होती.