बायोडाटातली आमू

स्वप्नालीला स्वतःची शैली हवी होती. नुसते पासपोर्ट फोटो काढून दिघीत कुणाचं नाव होत नाही, हे तिला पटलं होतं. म्हणून लेक आमू झोपली की ती मोबाइलवर फोटोग्राफीचे धडे बघायची, आणि त्यातून तिचं ठरलं होतं: खिडकीचा उजेड एका गालावर, दुसरा गाल अंधारात, चेहरा गंभीर. बघणाऱ्याने लांबूनच ओळखावं, हा स्वप्नालीचा फोटो.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते मागच्या गल्लीतल्या नीलाकाकूंचा प्रज्वल. भोसरीत एका कंपनीच्या प्रेसशॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर होता, लग्नाचा होता, आणि बायोडाटावरच्या फोटोत पोलिसांनी धरून बसवल्यासारखा दिसत होता.

"हसू नका हं," स्वप्नाली म्हणाली.

"मी हसतच नाही वहिनी. तीच तर घरच्यांची तक्रार आहे."

आतल्या खोलीत तिचा नवरा किसन नाइट करून नुकता आडवा झाला होता. बाहेर कॅमेरा जुळला, उजेड जुळला, आणि आठ महिन्यांची आमू भोकाड पसरून उठली. कडेवर घेतली तर कॅमेऱ्याचा पट्टा ओढायची, खाली ठेवली तर स्टँडकडे रांगत निघायची. शेवटी स्वप्नालीने तिला प्रज्वलच्या मांडीवर टाकलं.

"धरा जरा. मी उजेड बघते."

आमूने त्याचं नाक पकडलं, तसा तो खुदकन हसला. स्वप्नालीने बघण्यापुरतं एकदा बटण दाबलं. मग बाळ उचलून खरे, गंभीर, अर्ध्या अंधारातले फोटो काढले आणि सगळे एकगठ्ठा नीलाकाकूंना पाठवून दिले. निवडून पाठवायला दोन हात लागतात.

काकूंनी ते अर्ध्या अंधारातले फोटो न्याहाळले. "अगं बाई, याच्या निम्म्या तोंडाला काय झालं?" म्हणाल्या, आणि ज्यात पोरगा हसत होता तोच बायोडाटावर लावून सगळ्या ग्रुपवर सोडला.

फोन सुरू झाले. "पहिली कधी गेली?" "मुलगी आजीकडेच राहणार ना?" काकूंनी घाईघाईने खाली ओळ घातली, 'फोटोतील बाळ मुलाचे नाही.' मग जास्तच फोन आले. बाळ कुणाचं, हे विचारायला. काकूंनी तेही लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी किसन चाकणच्या कंपनीतून तणतणत आला. "अख्खी लाइन विचारतीये, भावा, तुझी पोरगी दुसऱ्याच्या बायोडाटात कशी? तुझी शैली असू दे, पण पोरीला तरी बाहेर ठेव."

"कुणाकडे ठेवू?"

किसन हातपाय धुवायला गेला.

पाठोपाठ काकू दारात. "माझ्या पोराचं लग्न मोडलंस गं!"

"काकू, जमलं कुठं होतं?"

"जमायच्या आधीच मोडलंस!"

स्वप्नालीने कॅमेरा कपाटावर ठेवून दिला. आता पासपोर्ट फोटोसुद्धा नको, असं तिने ठरवून टाकलं.

रविवारी काकू पुन्हा आल्या. हातात पेढे.

"तळेगावची विजयश्री. नर्स आहे. म्हणाली, बाकीच्यांनी गाडीला टेकून फोटो पाठवलेत. बाळानं नाक ओढलं तरी या एकट्यानं त्याला धरलेला हात सोडला नाही. जमलं बाई!"

त्यानंतर दारात इस्त्रीचे शर्ट उभे राहायला लागले. पहिला गणराज. "वहिनी, ते बाळवालं काढा ना. तुमची स्टाइल."

त्याला त्या गालाचं, अंधाराचं समजावून सांगायला स्वप्नालीने तोंड उघडलं. पण तोवर आमू त्याच्या मांडीवर चढून शर्टाच्या बटणाशी खेळायला लागली होती. त्याचे दोन्ही हात अडकले होते. स्वप्नालीचे, कितीतरी महिन्यांनी, मोकळे होते.

"असेच बसा," ती म्हणाली. "अजिबात हलू नका. उजेड यायचाय अजून."

खिडकीतून ऊन खोलीभर पसरलं होतं. स्वप्नाली भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने डोळे मिटले.