ब्याऐंशी वर्षांपर्यंत पुरणारे सर

म्हातारपण सुरक्षित असावं, याबाबत सर्व तज्ज्ञांचं एकमत आहे. ते किती वर्षं चालावं, हा प्रश्न मात्र त्यांनी ज्याच्या त्याच्यावर सोडला आहे.

जानेफळच्या शाळेत भूगोल शिकवणारे शालिग्राम सर हा प्रश्न सोडवायला अगदी योग्य गृहस्थ होते. सावधपणात त्यांचा हात धरणारा माणूस तालुक्यात नव्हता. मोटरसायकल स्टँडवर लावली तरी ते मागच्या चाकाखाली वीट ठेवत. जुन्या पेन्शनची गाडी सुटल्यावर नोकरीला लागल्यामुळे त्यांनी पहिल्या पगारापासून बचत सुरू केली आणि धोका वाटून जावा म्हणून ती तीन ठिकाणी विभागली: एक मुदत ठेव, दुसरी मुदत ठेव, आणि या दोन्ही बुडाल्या तर हाताशी असावी म्हणून तिसरी. (बँक तिन्हींना एकच होती, कारण ती ओळखीची होती.)

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना त्यांचा जुना विद्यार्थी हरिओम घरी आला. तो आता मेहकरला गुंतवणूक सल्लागार होता. त्याने सरांचं वय, ठेवी, घरखर्च आणि महागाई मोबाईलमध्ये भरली आणि निकाल वाचून दाखवला.

"सर, तुमचे पैसे ब्याऐंशी वर्सापर्यंत पुरतीन."

"आन् त्याच्या म्होरं?"

"त्याच्या म्होरं तुम्हाले काय कराचं हाय सर?" हरिओम म्हणाला. मग त्याने थोडी रक्कम बाजारात टाकायचं सुचवलं. त्यात जोखीम असते, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. जोखीम या शब्दानंतरचं सरांना काहीच ऐकू आलं नाही.

सरांची अडचण खानदानी होती. साखरखेर्ड्याला राहणारे वडील अठ्ठ्याऐंशीचे होते आणि अजून वांग्यांना स्वतः पाणी द्यायचे. काठी पायात येते म्हणून त्यांनी ती मागच्याच वर्षी सोडली होती. आजोबा सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले, तेही कडुलिंबावरून पडून. या घराण्याचा सरांना आजवर अभिमान होता. त्या रात्री पहिल्यांदा त्याची धास्ती वाटली.

मेळ घालायचे मार्ग दोनच होते: पैसा वाढवणे किंवा वर्षं कमी करणे. पहिल्या मार्गात बाजाराची जोखीम होती. दुसऱ्या योजनेत आजवर कुणाचाही परतावा अडकल्याची नोंद नाही. सावध माणसाने काय निवडावं हे उघड होतं.

अंमलबजावणी लगेच सुरू झाली. हिवरा आश्रमाच्या रस्त्यावरची पहाटेची फेरी तत्काळ प्रभावाने बंद करण्यात आली. (रोजच्या चालण्याने आयुष्य चार वर्षांनी वाढतं, असं त्यांनी मोबाईलवर वाचलं होतं. चार वर्षांचा किराणा कोण भरणार?) प्राणायाम स्थगित झाला, कारल्याचा रस रद्द झाला, आणि शाळेत जाताना बसस्टँडवर दोन कचोऱ्या मंजूर झाल्या. कचोरी मात्र सर घोट घोट पाणी पीत, चावून चावून खात. घशात अडकून आधीच गेलो तर काय, ही काळजी होतीच. मुदतीआधी मोडलेल्या ठेवीचं व्याज कापलं जातं, हे त्यांना ठाऊक होतं.

सहा महिन्यांत रक्तात साखर निघाली. सरांना समाधान वाटलं; पण डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, आणि गोळ्यांना पैसे पडतात. हरिओमने नवा खर्च भरून सांगितलं, "आता अठ्ठ्याहत्तर, सर." म्हणजे आणखी चार वर्षं कमी करणं आलं. सरांनी तिसरी कचोरी सुरू केली. त्यावर गोळ्या वाढल्या. गोळ्या वाढल्या तसा आकडा पंचाहत्तरवर आला.

शर्टाच्या खिशावरचे तेलाचे डाग धुऊन धुऊन रुख्मिणीबाईंनी एक दिवस नवऱ्याला समोर बसवलं. सरांनी योजना सविस्तर समजावली. मेथी निवडत बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"याच्यात माह्यं वय धरलं काय?"

धरलं नव्हतं. (मोबाईलमध्ये पत्नीसाठी रकाना होता, पण तो भरणं बंधनकारक नव्हतं.)

"पैसा पुरला आन् तुम्ही नाही पुरले," बाई म्हणाल्या, "त मी त्या पैशाले चहा करून देऊ काय?"

त्यांचे डोळे भरले होते. सरांना मनापासून वाईट वाटलं. इतकी वर्षं जिच्या हातचं खाल्लं ती आपल्या हिशोबात कुठेच नाही, याची त्यांना लाज वाटली, आणि त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. सकाळी त्यांनी चूक दुरुस्त करायला हरिओमला फोन लावला.

"दोघंही जगणार असान," हरिओम म्हणाला, "त एकाहत्तर."

सरांनी फोन ठेवला आणि बराच वेळ बायकोकडे पाहिलं. ती अंगणात तुळशीला पाणी घालत होती आणि तब्येतीने अगदी ठणठणीत दिसत होती.

आता सरांनी समतोल योजना स्वीकारली आहे. रोज पहाटे दोघं जोडीने फिरायला जातात, पण अर्ध्यातून परततात, आणि बसस्टँडवर एक कचोरी अर्धी अर्धी खातात. रुख्मिणीबाईंना वाटतं, नवरा ताळ्यावर आला. सरांना वाटतं, आता दोघांचं नियोजन झालं. संसार सुखाचा चालला आहे.

हा सगळा वेडेपणा आहे असं वाचकांना वाटेल, आणि ते बरोबरच आहे. पण ब्याऐंशीचा आकडा वाचताना ज्यांनी मनातल्या मनात आपली ठेव मोजली आणि वडिलांचं वय आठवून थोडी काळजी केली, त्यांच्या माहितीसाठी: कचोरी सकाळी साडेसातला गरम मिळते. जरा लवकर या, आजकाल तिथे रांग असते.