बिस्किट श्वान मोकळा सुटला त्याची हकीकत

श्री. ज्यांचे पायांशी श्वान निर्भय बसतात त्या दत्तगुरूंचे स्मरण करून, शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक मासी, सातासमुद्रापलीकडील एका पातशाहीत वर्तले ते सांगणे आहे. त्या मुलुखी श्वानाचा मान थोर. श्वानास हकीम, श्वानास न्हावी, आणि रस्त्यात श्वानाने घाण केली असता धनी ती स्वहस्ते पिशवीत उचलितो. तरी तेथील रयत हालाच्या जिण्यास कुत्र्याचे जिणेच म्हणते, याचा उलगडा त्र्यंबकराव शेडगे यांस होईना. हे त्र्यंबकराव नांदगावचे, चिरंजीव निखिलराव यांचे घरी पाहुणे आले होते. बाळपणी कुत्रा चावून बेंबीभोवती सुया घ्याव्या लागल्या, तेव्हापासून कुत्रा दिसता त्यांची पाचावर धारण बसे. आणि चिरंजीवांचे घरी बिस्किट नामे तांबूस श्वान, वासराएवढा, नात रेवा हिचे पलंगावर निजणारा.

एके सकाळी निखिलराव सहकुटुंब कामावर निघाले, रेवा शाळेस गेली, आणि जाताना निखिलराव बोलिले, “बाबा, बाहेर न्यायचं तर पट्टा लावूनच न्या त्याला. नाहीतर दार उघडूच नका.” मग घरात दोघेच राहिले. दुपारी श्वान दारापाशी जाऊन कुंई कुंई करू लागला आणि त्र्यंबकरावांकडे पाहू लागला. पट्टा लावावा तर गळ्याशी हात न्यावा लागे, आणि गळ्याशेजारीच दात. मग त्यांनी विचार केला की, गावी कुत्रा सोडिला तर हिंडून भाकरीच्या वेळी आपसुक परततो. असे म्हणून लांबूनच दार उघडिले, “हाड” म्हणाले, आणि बिस्किट बाणासारखा निघोन गेला.

घटका गेली, दुसरी गेली, श्वान येईना. मोठ्या रस्त्याकडून गाड्यांचा घोष येई आणि त्र्यंबकराव खिडकीशी जाऊन पाहत. रेवा येऊन पुसेल तर काय सांगावे, या भयाने ते सपाता घालून तैसेच बाहेर पडिले, आणि मागे दार आपोआप बंद जाहाले. रस्त्यावर माणूस नाही, घरे सारी एकसारखी, आणि थंडी हाडात शिरणारी. चार वळणे घेतली, मग परतीची वाट समजेना. जन्मभर ज्यास हाड म्हटले त्यास ते रडवेल्या आवाजाने हाका मारू लागले, “बिस्किटा, ये रे बाबा.” तो झुडपाआडून श्वान धावत आला. त्र्यंबकराव जागीच थिजले, डोळे मिटले, आणि श्वान त्यांचे पायांवर अंग टाकून बसला.

इतक्यात तांबडे-निळे दिवे लावून कोतवालाची गाडी आली, कारण कोणी खिडकीतून पाहून परका मनुष्य हिंडतो अशी खबर दिली होती. कोतवालाचे कमरेस पिस्तूल. त्र्यंबकरावांनी दोन्ही हात वर केले. घर कोठे, नाव काय, असे पुसता त्यांस पत्ता सांगता येईना. मग कोतवाल गुडघ्यावर बसला, श्वानास गोंजारिले, त्याचे गळ्यातील पितळी बिल्ला वाचिला आणि त्यावरील नंबर फिरविला.

निखिलराव धावत आले. रागे भरले नाहीत. इतकेच बोलिले, “बाबा, तो हरवला तर गळ्यात पत्ता असतो. तुमच्या खिशात काय होतं?” संध्याकाळी त्र्यंबकराव रेवाजवळ हळूच म्हणाले, “तसला एक बिल्ला मला मिळेल का गं?” तिने आणून दिला. तो ते सदऱ्याच्या आत, तुळशीमाळेशेजारी घालतात.

येणेप्रमाणे वर्तमान. श्वान सुखरूप, त्र्यंबकरावही त्याचे पदरी सुखरूप. अद्याप ते बिस्किटास भितात, पट्टा रेवाच लावून देते. परंतु दाराबाहेर पाऊल टाकणे तर आधी बिस्किट संगती आहे की नाही, हे पाहतात.